पुढच्या डाव्या बाजूचा आवाज

मंगळवार, ४ फेब्रुवारी. सकाळी १०.४०

आधी तारीख, मग वेळ, मग ठिकाण, मग गुन्हा. टेलिफोन खात्याच्या तक्रार विभागात मी अख्खी नोकरी काढली. तक्रार कशी नोंदवायची हे मला कोणी शिकवू नये.

तर: वर लिहिलेल्या वेळी, सर्व्हिसिंग झालेली गाडी ताब्यात घेऊन मी गॅरेजच्या फाटकाबाहेर पडले. पहिल्याच स्पीडब्रेकरवर पुढच्या डाव्या बाजूने आवाज आला. खट्, खट्. मग जरा थांबून, विचार केल्यासारखा, आणखी एक. खट्.

काल गाडी नेली तेव्हा हा आवाज नव्हता. हे शेजारी बसले होते, हे साक्षीदार आहेत. म्हणजे आवाज गॅरेजमध्ये घातला गेला.

तशीच मागे फिरले. तिथला मुख्य मेकॅनिक स्वतःला डॉक्टर म्हणवतो आणि गाडीला पेशंट. हात न पुसता डाव्या सीटवर बसला. मी चालवली. चौकापर्यंत गेलो, आलो. आवाज नाही. स्पीडब्रेकरवर मुद्दाम जोरात घातली. डॉक्टरचं डोकं छताला लागलं, पण आवाज नाही. त्याने जॉब कार्डवर लिहिलं, ‘नो फॉल्ट फाउंड’. हे तीन शब्द मी वर्षानुवर्षं लोकांच्या तक्रारींवर लिहिले आहेत. त्यांचा अर्थ ‘आता घरी जा’ असा होतो.

त्याला फाटकाशी उतरवलं आणि घरी निघाले. पहिल्या वळणावर: खट्.

बुधवार, ५ फेब्रुवारी

संकल्प. आठवड्याच्या आत आवाजाचा छडा लावणे. गॅरेजकडून लेखी माफी घेणे. सुटे पुरावे न ठेवणे, सगळं इथेच लिहिणे.

पार्श्वभूमी (नोंद पूर्ण असावी म्हणून): सासूबाई जाऊन तीन महिने झाले. तोपर्यंत गाडी रोज बाहेर निघायची. डोळ्यांचा दवाखाना, हाडांचा दवाखाना, फिजिओ, औषधाचं दुकान. मी चालवायची आणि त्या डाव्या सीटवर. देहाने भरभक्कम बाई. त्या बसल्या की गाडी त्यांच्या बाजूला नम्रपणे कलायची. त्या गेल्यावर गाडी कव्हरखाली पडून होती. जायचं कुठे? म्हणून सर्व्हिसिंग करून घेतली, आणि सर्व्हिसिंगने हे दिलं.

डाव्या सीटवर अजून खळगा आहे. दोन-तीन वेळा थोपटून पाहिलं. फोम वर येत नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

लायब्ररीत जाताना सिग्नलला ब्रेक जरा उशिरा लावला. रस्ता तिथे उखडलेला आहे.

खट्.

माझ्या तोंडून निघून गेलं, ‘दिसतंय मला, आई.’

मग बराच वेळ मी हिरवा दिवा लागलेला पाहिला नाही. मागच्यांनी हॉर्न वाजवून सांगितलं.

कारण तो आवाज मला माहीत होता. सासूबाईंची वरची कवळी सैल होती. नवी करून घ्या म्हणून मी त्यांना किती वर्षं सांगत होते ते देवाला ठाऊक. त्यांना सैलच हवी होती, कारण ते त्यांचं हत्यार होतं. तोंडाने मला एक शब्द बोलायच्या नाहीत. फक्त जिभेने कवळी उचलायच्या आणि सोडायच्या. खट्. ब्रेक उशिरा लागला, खट्. इंडिकेटर राहिला, खट्. वळण मोठं घेतलं तर दोनदा, आणि जरा थांबून तिसऱ्यांदा, मला कळलं नसेल तर कळावं म्हणून.

हा आवाज तोच आहे.

मी कॉन्व्हेंटची. आमच्याकडे ‘होली घोस्ट’ सोडला तर दुसरं भूत नव्हतं, आणि तो खटखट करतो असं सिस्टरनी कधी सांगितलं नाही. तेव्हा हा योगायोग आहे. विषय संपला.

सोमवार, १० फेब्रुवारी

गॅरेज. डॉक्टर पुन्हा डाव्या सीटवर, मी पुन्हा चालवतेय, आवाज पुन्हा गप्प. तो म्हणाला, मॅडम, मी एकटा एक राउंड मारून येतो. मी नाही म्हटलं. ही गाडी माझ्याशिवाय कोणी चालवत नाही. यांनी एकदाच चालवली होती आणि फाटकाच्या खांबाला घासून आणली. तेव्हापासून किल्ली माझ्या पर्समध्ये असते. तत्त्व म्हणजे तत्त्व. तो म्हणाला, काकू, मी मेकॅनिक आहे. मी म्हटलं, मी तुमची काकू नाही.

मग त्याने गाडी जॅकवर घेतली, चाक दोन्ही हातांनी हलवलं, डोळे मिटून ऐकलं आणि निदान केलं: बुश गेलेत. बुश म्हणजे सांध्यांतली रबरं. बदलली.

येताना एकटी. खट् खट्. आवाज तसाच. उलट आता त्यात आत्मविश्वास आला आहे.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

आज डोक्यात आलं की कवळीच गाडीत पडली असेल. कुठेतरी सीटखाली, रुळात अडकून. हसण्यासारखं नाही. खात्यात असताना एका घरातला फोन दोन वर्षं खरखरत होता. शेवटी खोक्यात झुरळ निघालं.

दुपारी गाडी पूर्ण रिकामी केली. सीटखालून निघालं ते असं: पेपरमिंटचे कागद, एक मोजा, डोळ्यांत घालायच्या थेंबांची रिकामी बाटली, पाठीशी घ्यायची छोटी उशी. उशीला अजून बामचा वास. उशी परत ठेवली, कारण ती गाडीची आहे.

कवळी नाही. यांना विचारलं, अहो, आईंची कवळी कुठे आहे? हे पेपर वाचत होते. पेपर खाली आला, माझ्याकडे पाहिलं, पेपर वर गेला. पेपरामागून म्हणाले, हॉस्पिटलने दिलेल्या सामानात असेल, तिच्या कपाटात.

होती. निळ्या प्लास्टिकच्या डबीत. म्हणजे पहिला संशयित पूर्ण वेळ घरीच होता.

खातरजमा करायची म्हणून डबी कानाशी धरून हलवली.

खट्.

अगदी तोच आवाज. पुन्हा हलवली. पुन्हा तोच. मागे वळले तर दारात हे उभे. आपल्या आईची कवळी आपली बायको कानाशी धरून वाजवते आहे, हे पाहून माणूस काय म्हणेल? यांनी चहा ठेवू का, एवढंच विचारलं. लग्नाला इतकी वर्षं झाली, यांनी स्वतःहून चहा ठेवल्याचं मला आठवत नाही. आज ठेवला. साखर विसरले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

चिरंजिवांचा फोन. एरवी रविवारी येतो. सोमवारी आला तेव्हाच मी ओळखलं.

आमच्या तळमजल्यावर एक बाई राहतात. पूर्ण इमारत त्यांना ‘तळमजला’ म्हणते, आणि तळमजल्याला सगळं कळतं. त्यांनी चिरंजिवांना कळवलं की तुझी आई गाडीत एकटीच बोलते. सिग्नलला पाहिलं म्हणे. हातवारे करून.

हातवारे मी करत नाही. मी आरसा ॲडजस्ट करत होते.

त्याने फार हळुवार सुरुवात केली. तो हळुवार झाला की समजावं, पुढे काहीतरी विकायचं आहे. आई, तू दमली आहेस. आजीचं इतकी वर्षं केलंस. आवाज बाबांना येत नाही, मेकॅनिकला येत नाही, तुला एकटीलाच येतो. कानांच्या डॉक्टरांना दाखवू. आणि एका दुसऱ्या डॉक्टरांनाही, नुसतं बोलायला. मी विचारलं, आणि गाडी? तो म्हणाला, गाडीला इथे एक गिऱ्हाईक आहे.

मी म्हटलं, ठीक. करार कर. तू १५ मार्चला येतोयस. तोपर्यंत हा आवाज दुसऱ्या एका माणसाने स्वतःच्या कानांनी ऐकला, तर गाडी माझी आणि पुन्हा हा विषय नाही. नाही ऐकला, तर किल्ली तुझ्या हातात ठेवीन, आणि म्हणशील त्या सगळ्या डॉक्टरांकडे येईन.

तो लगेच हो म्हणाला. मला ते आवडलं नाही.

पण हरायचा प्रश्नच नाही. मी बरोबर आहे.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

साक्षीदार क्रमांक एक: तळमजला. शत्रूच्या तोंडून साक्ष काढावी म्हणून मीच तिला बाजारात सोडते म्हटलं. बसली. रस्ताभर ती बोलली आणि गाडी गप्प बसली. उतरताना माझा हात हातात घेऊन म्हणाली, काकू, मनावर घेऊ नका हं, माझी मावशीही अशीच झाली होती. मावशीचं पुढे काय झालं ते मी विचारलं नाही.

ती उतरली, दार लागलं, गाडी फुटपाथच्या कडेवरून खाली उतरली. खट्.

आता मला खात्री पटत चालली आहे. पाहुणे आले की सासूबाई अशाच वागायच्या. चार माणसांत कवळी जागच्या जागी, आवाज मधासारखा, सून किती गुणाची. पाहुण्यांची पाठ फिरली की खट्.

हे मी फक्त निरीक्षण म्हणून लिहिते आहे.

गुरुवार, २० फेब्रुवारी

शास्त्रीय मार्ग. मोबाइल रेकॉर्डिंगला लावून डाव्या सीटवर, उशीच्या कडेला ठेवला. लायब्ररी, पोस्ट, घर.

घरी येऊन दार लावून ऐकलं. इंजिनची घरघर, आणि त्यावर एका बाईची अखंड बडबड. ‘घेतला ना इंडिकेटर, का तोही तुम्हीच घेणार? ... हा ट्रक बघा कसा घुसवतोय. बघितलंत? ... औषधाच्या दुकानाशी थांबायचंय का? ... ऊन लागतंय का तिकडून, काच वर करू?’

अशा मध्ये मध्ये मोकळ्या जागा. कोणाला तरी बोलू देण्यासाठी ठेवतात तशा.

मी इतकी बोलते हे मला माहीत नव्हतं. खटखट मागे कुठेतरी असेल, ओळखू येत नाही. असला पुरावा चिरंजिवांच्या हाती लागला तर दुसरे डॉक्टर घरीच येतील.

डिलीट केलं. करण्याआधी आणखी एकदा ऐकलं, तांत्रिक कारणासाठी.

सोमवार, २४ फेब्रुवारी

गॅरेज. डॉक्टरने आता लोअर आर्मचं नाव घेतलं आहे. चाकाला धरून ठेवणारा हात म्हणे. बदलला. मी चालवली, तो शेजारी बसला, आवाज नाही, तो खूश. मी म्हटलं, तुम्ही उतरा, मग बघा. तो म्हणाला, उतरलो तर बघू कसा? मग तो पहिल्यांदाच डॉक्टरकी सोडून माणसासारखा बोलला. म्हणाला, ‘मॅडम, पेशंटला एकदा माझ्या एकट्याकडे सोडा. नातेवाईक खोलीत असले की पेशंट खरं सांगत नाही.’

मी किल्ली पर्समध्ये टाकली आणि चेन लावली.

नवा लोअर आर्म घेऊन घरी आले. वळणावर: खट्, खट्. थांबून, खट्. मोठं घेतलं होतं वळण. कबूल.

बुधवार, २६ फेब्रुवारी

संकल्प: गाडीत एक शब्द बोलणार नाही. ओठ मिटून बसायचं. शाळेत मौनाचा तास असायचा, त्यात मला दोनदा बक्षीस मिळालं होतं.

पहिल्या सिग्नलपर्यंत टिकला.

पुढचं लिहायचं नव्हतं, पण नोंद ती नोंद. पोस्टात निघाले होते. मन कुठे होतं कोण जाणे, हातांनी डावीकडे वळवली, मग पुलाखालून, आणि भानावर आले तेव्हा गाडी डोळ्यांच्या दवाखान्याच्या उतारावर उभी होती. आमच्या नेहमीच्या जागी. तिथला वॉर्डबॉय म्हणजे पन्नाशीचा गृहस्थ. त्याने गाडी ओळखली, व्हीलचेअर घेऊन धावत आला, पायाने ब्रेक लावला आणि नेहमीसारखं डावं दार सताड उघडलं.

हात पुढे केलेले तसेच राहिले. सीटवर उशी आणि खळगा.

‘आजी कुठे आहेत, ताई?’

मी म्हणाले, ‘आज नाही आल्या.’

तो म्हणाला, बरं, पुढच्या वेळी. दार अगदी हळू लावलं, आतलं माणूस झोपलेलं असलं की लावतात तसं.

त्याला उगीच धक्का बसू नये म्हणून मी तसं बोलले. उतारावर उभ्याउभ्या बातमी द्यायची पद्धत नसते.

परतीच्या रस्त्यावर सगळीकडे खणून ठेवलं आहे. आवाज घरापर्यंत चालू होता. मी मध्ये पडले नाही.

मंगळवार, ४ मार्च

शॉकअपचं वरचं माउंटिंग बदललं. आवाज आहे.

डॉक्टर आता मला पाहून गाडीखाली जातो. खालूनच म्हणाला, की या पेशंटचं पुढचं अर्धं अंग मी नवीन केलं, आता कान एकदा तपासून घ्या. मी खाली वाकून विचारलं, कोणाचे? तो म्हणाला, ‘पेशंटचे नाहीत.’

ही उद्धट भाषा मी शब्दशः उतरवून ठेवली आहे.

यांना शेजारी बसवून गावभर फिरले. शांत. हे झोपले. झोपेत यांची मान सासूबाईंसारखीच उजवीकडे पडते. हे मी आजवर पाहिलं नव्हतं, कारण यांना शेजारी बसवायची वेळच येत नसे.

शनिवार, ८ मार्च

आठवडा उरला. आज गॅरेजला जायचं ठरवलं होतं, पण कामं फार. त्याऐवजी नुसती एक फेरी मारली. औषधाच्या दुकानाशी थांबले. काही घ्यायचं नव्हतं. दुकानदाराने सवयीने मधुमेहाच्या गोळ्या काढून काउंटरवर ठेवल्या, मग माझ्याकडे पाहून परत ठेवल्या.

चौकात खट् झालं. पाहिलं तर खरंच लाल दिवा होता. या वेळी त्यांचं बरोबर होतं.

‘त्यांचं’ म्हणजे गाडीचं.

सोमवार, १० मार्च

आज स्वतःला सरळ विचारलं: आवाज खरा आहे का? शाळेत पापांची उजळणी करायला लावायचे, तशी पूर्ण दिवसाची केली. मी कमी झोपते. मी बोलते. डबी मी अजून कपाटात ठेवलेली नाही, ती माझ्या उशाशी आहे. ही सगळी वाक्यं मी दुसऱ्या कोणाच्या तक्रारीत वाचली असती तर शेरा काय मारला असता, ते मला माहीत आहे.

दुपारी चिरंजिवांनी दुसऱ्या डॉक्टरांची वेळ घेतल्याचं कळवलं. सतरा तारीख. गृहीतच धरलंय त्याने.

किल्ली कशी द्यायची याची तालीम केली. टेबलावर ठेवायची, हातात द्यायची नाही. हातात दिली तर हात दिसतो.

मंगळवार, ११ मार्च. दुपारी

चोरी. जेवून पडले होते. उठले तर पर्स उघडी, किल्ली नाही. खिडकीतून पाहिलं, कव्हर जमिनीवर, गाडी गायब. आणि घरात हे नाहीत.

फाटकाचा खांब डोळ्यांसमोर आला.

तासाभराने हे परत आले. गाडी आली ती शिस्तीत, खांबापासून हातभर लांब. पण हे उतरेनात. स्टिअरिंगवर हात ठेवून तसेच बसलेले. शेवटी मीच खाली गेले. बोलायची सगळी तयारी करून गेले होते. यांनी काच खाली केली आणि म्हणाले,

‘वाजतंय.’

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. म्हटलं, काय?

‘वाजतंय गं. अगदी तिच्यासारखंच.’

मग सांगितलं. एकटे निघाले. कोपऱ्यावरच आवाज सुरू झाला. रोपवाटिकेत गेले, तिथून मातीची दोन पोती घेऊन डाव्या सीटवर ठेवली. आवाज बंद. पोती मागे टाकली, सुरू. पुढे आणली, बंद. असं पाच-सहा वेळा करत बसले म्हणे. रोपवाटिकेचा माळी पोती चढवून-उतरवून कंटाळला.

‘वजन असलं की दबून राहतं,’ हे म्हणाले. ‘आई बसायची, म्हणून आपल्याला कळलंच नाही कधी. जागा रिकामी झाली तेव्हा वाजायला लागलं.’

मी म्हटलं, ते गॅरेजने केलंय. तुम्हाला गाडीतलं काय कळतं?

हे म्हणाले, बरोबर आहे. डोळे लाल झाले होते. पोत्यांतली माती उडाली असणार. सीटवरही पडली आहे, खळग्यात. ब्रशने काढली.

मुद्दा असा की साक्षीदार मिळाला. मी जिंकले.

बुधवार, १२ मार्च

गॅरेज. किल्ली डॉक्टरच्या हातात दिली. स्वतः. बाकावर बसले. फाटकाबाहेर जाताना गाडी मागून कशी दिसते ते मी आज पहिल्यांदा पाहिलं. परक्यासारखी दिसते. डाव्या सीटवर कोणी नाही हे मागूनही कळतं.

चौकापर्यंतही गेला नसेल, परत आला, फाटकापासूनच ओरडत. मिळाला, मिळाला. जसा काही तोच महिनाभर शोधत होता. लिंक रॉड. हाताच्या वितीएवढी दांडी, दोन्ही टोकांना गोटी. एका टोकाची गोटी सैल. गाडी जॅकवर घेतली की ती ताणली जायची आणि खोटं बोलायची, असं तो म्हणाला.

काढून माझ्यासमोर हलवली. खट्.

‘हे आत्ताचं नाही, मॅडम. दीड-दोन वर्षं झाली असतील. सर्व्हिसिंगचा काही संबंध नाही. तुमच्या शेजारी कोणी जड माणूस बसायचं का नेहमी?’

मी म्हटलं, तुम्ही तुमचं काम करा.

चहा संपायच्या आत नवी दांडी बसली. जुनी त्याने मागे न पाहता खांद्यावरून भंगाराच्या पिंपात टाकली. पडल्याचा आवाज झाला तो वेगळाच होता.

माफी मागितली नाही. मीही आज त्याच्याकडे मागितली नाही. नंतर लेखी घेईन.

शनिवार, १५ मार्च

चिरंजीव आले. यांनी साक्ष दिली, पोत्यांसकट. डॉक्टरने फोनवर दुजोरा दिला आणि पेशंटची प्रकृती उत्तम असल्याचं सांगितलं. चिरंजिवांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, ‘सॉरी, आई. चालव तू. मला फक्त भीती वाटली होती.’ दुसऱ्या डॉक्टरांची वेळ माझ्यासमोर रद्द केली.

त्याला स्टेशनवर सोडायला मीच गेले. तो डाव्या सीटवर. खूप दिवसांनी नीट बोलला. उतरताना म्हणाला, सीटवर काय खळगा पडलाय गं, बदलून घे.

संपूर्ण विजय. मोठ्या अक्षरांत लिहावा असा. उद्यापासून एकटीने, निवांत, हवं तिथे.

सोमवार, १७ मार्च

एकटी निघाले.

कोपरा. काही नाही. खणलेला रस्ता. काही नाही. गॅरेजपुढचा स्पीडब्रेकर मुद्दाम जोरात घेतला. चार चाकं कापसावरून गेल्यासारखी गेली.

सिग्नलला ब्रेक उशिरा लावला. वाट पाहिली.

डावीकडे वळताना इंडिकेटर दिला नाही. वळण इतकं मोठं घेतलं की समोरून येणारा रिक्षावाला थांबून काहीतरी बोलला. तेवढा तोच बोलला.

औषधाचं दुकान गेलं. पुलाखालून गेले. दवाखान्याच्या उताराशी वेग कमी केला, पण वळले नाही. वॉर्डबॉयने लांबून हात केला आणि व्हीलचेअरकडे निघाला. मी ॲक्सिलरेटर दाबला.

‘बघितलंत?’ असं म्हणाले एकदा. मोकळी जागा सोडली. ती मोकळीच राहिली.

घरी येऊन गाडीत बसून राहिले. हे वरून खिडकीतून पाहत होते. हाक मारली नाही.

मंगळवार, १८ मार्च. सकाळी ९.१५

पत्राचा मसुदा. स्वच्छ प्रत करून रजिस्टर्ड ए.डी.ने पाठवणे.

प्रति, व्यवस्थापक.

महोदय, दिनांक १२ मार्च रोजी आपल्या मुख्य मेकॅनिकने माझ्या गाडीच्या पुढच्या डाव्या बाजूचा लिंक रॉड काढून नवा बसवला. ही दुरुस्ती मीच सांगितली होती. जुना भाग कोणाचा, हे मात्र मला विचारलं नाही. ग्राहकाच्या गाडीतून निघालेला भाग ग्राहकाचा असतो. तो न विचारता पिंपात टाकणं हा हलगर्जीपणा आहे.

दुरुस्तीनंतर गाडी पूर्णपणे शांत चालते. या शांततेबद्दल माझी तक्रार आहे. अशी गाडी चालवणं मला शक्य होत नाही. लक्ष लागत नाही. चूक झाली तर कळत नाही.

तरी आपण पिंप उपसून तोच जुना भाग शोधावा (दुसऱ्या गाडीचा चालणार नाही, मी ओळखते) आणि जिथे होता तिथे, डाव्या बाजूला, होता तसा सैल परत बसवून द्यावा. भंगारवाला येऊन गेला असल्यास त्याचा पत्ता कळवावा, मी स्वतः जाईन. गाडी आपल्या माणसाने एकट्याने चालवून पाहण्यास माझी हरकत नाही. आवाज आल्याची खात्री झाल्यावरच मला बोलवावं.

या बाबतीत फोन करू नये. सध्या फोनवर माझा आवाज नीट निघत नाही. उत्तर लेखी हवं, आणि ते सोमवार, २४ मार्च, संध्याकाळी पाचच्या आत माझ्या हाती पडलं पाहिजे.